ह्यांचं गेज

मंगळवार, ता. ९
दुकानातून, दुपारी

तीर्थस्वरूप वन्सं,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा, कारण हल्ली घरात हुकूम त्यांचाच चालतो असं धाकट्या वन्संनी कळवलंय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंशी भांडता म्हणे. त्या पाय वाकवायला सांगतात तेव्हा पायच वाकवायचा असतो, त्यांना नव्हे.

फोन न करता पत्र का, असं म्हणाल. फोनवर मी चार शब्द बोलते न बोलते तोच तुम्ही म्हणता, "ते असू दे, दुकानाचं सांग." म्हणून आधी दुकानाचंच सांगते.

दुकान ठीक चाललंय. खिडकीकडचे खण लाकूड फुगल्यामुळे अडत होते, ते रंधा मारून घेतले. प्रत्येक खणावर त्यातलाच एक स्क्रू तारेनं बांधायची तुमची पद्धत तशीच ठेवलीय. शेजारचे घड्याळवाले तुमची आठवण काढतात. म्हणतात, "वन्सं बहिणीकडे राहायला गेल्यापासून या गल्लीत कोणी मला बोलत नाही, करमत नाही."

परवा खण पुसत होते आणि मला माझा दुकानातला पहिला दिवस आठवला. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. तुम्ही एका ताटलीत बारीक स्क्रूंचा ढीग ओतलात आणि म्हणालात, "निवड." मी तांदूळ निवडावेत तशी बसले. लांबीनुसार लावले, डोक्यांनुसार लावले, स्वतःवरच खूश झाले. तुम्ही दोन स्क्रू उचलून माझ्यासमोर धरलेत. जाडी तीच, लांबी तीच.

"सारखेच आहेत की," मी म्हटलं.

"डोळे मिटून नख फिरव."

नख फिरवलं आणि कळलं. एकाचे आटे भरड, दुसऱ्याचे बारीक. तुम्ही म्हणालात, "चुकीचा स्क्रू दोन वेढे गोड बोलून आत जातो, मग अडतो. गिऱ्हाईक जोर लावतं आणि मशीनचेच आटे जातात. शिव्या आपल्याला." मग पुन्हा सगळा ढीग एक केलात. मी चुकीचा स्क्रू उचलला की मागच्या खोलीतून हे खोकायचे. दोनदा खोकले, तिसऱ्यांदा तुम्ही ओरडलात, "धाकट्या, खोकला असेल तर औषध घे, नाहीतर बाजारात जाऊन ये!" मला इतकं हसू आलं की ताटली कलंडली. स्क्रू कपाटाखाली गेले आणि आपण तिघं जमिनीवर पालथे पडून शोधत बसलो. वन्सं, मी त्या दिवशी या घरातली झाले. लग्नात नाही.

आता गेजचं सांगते. आपल्या काउंटरवर ह्यांनी आणलेलं रिंग गेज असतं ना, स्क्रू मापात आहे की नाही ते पारखायचं, चार मिलिमीटरचं, कडेला रेघा-रेघांची खरखरीत पकड असलेलं. ह्यांचा नियमच होता, की गिऱ्हाइकासमोर स्क्रू 'गो'च्या कड्यात दोन बोटांनी फिरवून दाखवायचा आणि 'नो-गो'च्या कड्यात अडतो हेही दाखवायचं, मगच पुडी बांधायची. हे गेल्यावर मीही तेच केलं. 'गो'चं कडं सगळ्यात जास्त हातात असायचं. गिऱ्हाईक नसलं तरी मी ते घेऊन बसायची. तुम्ही बघायचात आणि ते माझ्या हातात राहू द्यायचात.

तुम्ही तिकडे राहायला गेलात आणि काही दिवसांनी स्क्रू परत यायला लागले. शिलाई मशीनवाला आला, "ताई, घट्ट बसतात हो." मी म्हटलं, "तुमचं भोकच बिघडलं असेल." पंपवाला आला, त्यालाही तेच ऐकवलं. आपलं गेज चुकेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मग एक दिवस कारखान्याच्या तपासणी खात्यातले एक गृहस्थ आले. त्यांनी कडं हातात घेतलं, एक स्क्रू फिरवला, दुसरा फिरवला आणि म्हणाले, "हे झिजलंय. थोडे जाड स्क्रूही पास करतंय."

मी तडकलेच. "हे माझ्या नवऱ्याचं आहे."

"असेल," ते म्हणाले, "पण झिजलंय."

मी त्यांना सरळ दुकानाबाहेर काढलं. हो, तुमच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा हजर. खिशात तेलकट कापडात गुंडाळलेला, कडी तपासायचा प्लग. मला म्हणाले, "तुम्हीच फिरवा, म्हणजे माझ्यावर राग नको." जिथे अडायला हवा होता तिथे प्लग सुळकन आत गेला. मी काउंटरवर डोकं टेकवून रडले, वन्सं, भर दुपारी, समोर परका माणूस उभा असताना. त्यांनी प्लग पुन्हा कापडात गुंडाळला. मग म्हणाले, "गेज वाईट नव्हतं. फार हाताळलं की झिजतंच. यात कुणाचा दोष नाही."

नवं गेज निवडायला त्यांनीच मदत केली. किती बारकावे असतात म्हणून सांगू! कुठल्या कामाला किती घट्ट हवं, किती सैल चालेल, दर किती दिवसांनी तपासून घ्यायचं. मी एक चकचकीत गेज पसंत केलं तर म्हणाले, "ही चकाकी दुकानदाराची आहे, पोलादाची नाही. तपासल्याचा दाखला मागा." तुम्हाला ते आवडले असते. नाही, आधी भांडला असतात, मग आवडले असते.

गेज येऊन बराच काळ लोटला, तरी ते येतातच. कधी एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू हवा असतो, कधी दोन वॉशर. घड्याळवाले परवा मोठ्यानं म्हणाले, "एवढा मोठा कारखाना, आणि वॉशर म्हणून मिळत नाही बघा!" मी लालबुंद. ते तुमच्या स्टुलावर बसतात, वन्सं. पहिल्या दिवशी मी उठवणार होते. उठवलं नाही.

कळलं ना तुम्हाला आता? केव्हाच कळलं असेल. मी उगाच रंधा आणि खण करत बसले.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या शुक्रवारी त्यांनी विचारलं. गुडघ्यावर बसणं वगैरे काही नाही, शटर ओढायला मदत करता करताच म्हणाले, "आपण दोघं एकत्र राहिलो तर कसं होईल?" मी म्हटलं, "सांगते." घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि या वयात स्वतःशीच हसले. मला ते आवडतात. लिहून टाकलं एकदाचं.

ह्यांना विसरले असं समजू नका. खोकल्याची आठवण आली की अजून मागच्या खोलीकडे वळून बघते. लोक काय म्हणतील याचंही मला काही नाही, लोकांना घट्ट असलं तरी बोचतं आणि सैल असलं तरी.

भीती तुमचीच आहे. हे गेले तेव्हा सगळे म्हणत होते, हिला माहेरी पाठवा. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "ती कुठे जाईल? दुकान कोण बघेल?" दुकान तर तुम्ही एकटीनं दहा वेळा सांभाळलं असतंत. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. मी रात्री जेवायची नाही तेव्हा तुम्हीही ताट झाकून ठेवायचात. आईनं केलं नसतं ते तुम्ही केलंत.

पण तुम्ही माझ्या झालात त्या ह्यांच्यामुळे. आता मी दुसऱ्या कुणाची बायको झाले, तर तुमची कोण उरते? घरात एकटी असले की हाच प्रश्न पडतो. नवरा गेला तेव्हा मी जगले, कारण तुम्ही होतात. तुम्हीच दुरावलात तर मी कुणाच्या आधारानं जगू?

परवानगी मागत नाही, वन्सं. मी त्यांना हो म्हणणार आहे. पण तुमच्या आधी कुणाला कळायला नको होतं, म्हणून त्यांनाही अजून सांगितलेलं नाही. राग आला तर फोन करून भांडा, हवं तेवढं. फक्त गप्प बसू नका.

इतकी वर्षं पत्राखाली नावाऐवजी एकच शब्द लिहीत आले. आजही तोच लिहिते, मला दुसरा येत नाही. तुमच्या उत्तराच्या पहिल्या ओळीत तुम्ही मला काय म्हणता, तेवढंच आधी वाचेन.

तुमचीच,
वहिनी