कुलपाचं काही नव्हतं

माय, परवा आक्काच्या नातीला मुलगी झाली. आक्का गेली तेव्हा मागं राहिलेलं ते ओलं पोर तू शेळीच्या दुधावर वाढवलंस ना, माझी भाची, तिची ही थोरली लेक. परभणीच्या सरकारी दवाखान्यात दिवसाउजेडी मोकळी झाली, पोट फाडायची वेळ आली नाही. तुला अक्षरओळख नव्हती. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मी चुलीपुढं बसून चालीवर म्हणायचो आणि तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "पुन्यांदा म्हण." म्हणून हेही ओठांत म्हणत म्हणतच लिहितोय.

आत पुरुषांना सोडत नाहीत. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेलो. समोरून पोरी भिंतीला धरून फेऱ्या मारतायत, प्रत्येकीच्या मागं तिची आई, काखेत जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यांची पिशवी. म्हाताऱ्यानं बघू नये म्हणून मान खाली घातली तरी पाय दिसतातच. कापूस वेचून भेगाळलेले पाय, कुणाचे अजून हळद न उतरल्यासारखे कोवळे. पहिलटकरणी दुसरीच्या तोंडाकडं बघून आपलं पुढं काय होणार ते ताडत असतात. आणि तिसऱ्या खेपेची एक बाई कळ आली की खांबाला कपाळ टेकते, ओसरली की नवऱ्याला फोनवर झापते, "मी काय हितं लग्नाला आलेय व्हय? म्हशीला पाणी दाव आधी!" सगळा व्हरांडा हसला. कळा देणाऱ्याही हसल्या.

मग सिस्टर आली. पन्नाशीची, आवाजानं खणखणीत. एकेकीला तेच विचारत होती. वय काय, खेप कितवी, गोळ्या खाल्ल्या का चुलीत टाकल्या. आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होती. आपल्या पोरीची पापणी बघून म्हणाली, "हिचं रगत बरं हाय." भाचीनं धरून ठेवलेला श्वास सोडला. पुढची पोर पेडगावची. तिची आई कौतुकानं सांगायला लागली, "लय येगळे डोहाळे हायेत बाई हिचे. भिताडाची माती खाती. धाकट्या भावाच्या दप्तरातला खडू बी सोडंना."

मी तिथं हसलो, माय. आक्का आठवली म्हणून.

सिस्टर हसली नाही. "डोहाळे न्हाईत मावशी ते. अंगात रगत न्हाई म्हणून माती गोड लागायली तिला. पोरगी पांढरीफट पडली, दिसंना का तुमाला? बाळंतपणात जरा जास्त गेलं तर ही कुठून आणंल?" आणि आत वळून ओरडली, "हिच्यासाठी रक्ताची पिशवी मागवून ठेवा, आताच." पोरीच्या आईनं लेकीची पापणी आपल्याही अंगठ्यानं ओढून बघितली.

आक्काच्या वेळी मी बोरीच्या शाळेत नुकता मास्तर म्हणून लागलेलो. आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. संध्याकाळी मी घरी येतोय तो ती उंबऱ्यात उभी, हात पुढं करून, "आणला का मास्तर?" मी खिशातून खडूचे तुकडे काढतो. ती कुरूकुरू खाते, ओठ पांढरे होतात, आणि तू चुलीपासून म्हणतेस, "बघा बाई, पोरगं पाटी घेऊनच पैदा हुईल." विहिरीवरून येताना ती मध्येच खाली टेकायची, घागर शेजारी ठेवून. तिचा रंग उतरत उतरत पार चांदण्यासारखा झालेला. त्या वयात मला सगळ्याचीच कविता दिसायची. मी तिच्या चेहऱ्यावर चार ओळी केल्या, चांदणं आपल्या अंगणात राहायला आलंय अशा. तू दोनदा म्हणायला लावल्यास. म्हणालीस, "माझ्या लेकीचं रूप उजळलं." त्या रात्री आपण तिघं किती खुशीत होतो. पुढं वर्गात कुठलीही चांदण्याची कविता आली की मी ही आठवण पोरांना सांगायचो. जन्मभर सांगितली. आता त्या ओळी ओठांवर आल्या की गिळतो.

तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तू घरातली एक गाठ ठेवली नाहीस. बंद म्हणून काही राहिलं तर पोर अडतं, असं तुझ्या आईनं तुला सांगितलेलं. आक्काचा अंबाडा सोडलास. मडक्यांवरची झाकणं काढलीस, कणगीचं तोंड उघडलंस, वासरू सोडून दिलंस, शेजारणीला तिच्या फडताळाचं कुलूप काढायला लावलंस. मी बाहेरून म्हणालो, "माझ्या पायजम्याची नाडी बी सोडू का, माय?" आणि आतून आक्का कळ सोसता सोसता हसली. तिचं ते हसणं मला शेवटचं ऐकू आलेलं.

पोर झालं, रडलं. आणि आक्काचं रक्त थांबेना. वडील गाडीला बैल जुंपायला धावले, जू मानेवर चढायच्या आधीच घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. मग बायका म्हणाल्या, सवाष्ण आहे, हिरवं लुगडं आणा. ते तू बाळंतविड्यासाठी जिंतूरच्या बाजारातून आणून तुझ्या ट्रंकेत ठेवलेलं. ट्रंकेवर गोधड्यांची चळत होती. तू ती उतरवलीस, आणि खाली ट्रंकेला कुलूप. किल्ली तुझ्याच कमरेला. तू कुलूप हातात धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ह्येच ऱ्हायलं." बायकांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

त्यानंतर तू आयुष्यात कशाला कुलूप लावलं नाहीस. शेजारीण चेष्टा करायची, "तुमच्या घरात चोराला चोरी केल्यावानी वाटंना बघा." तू तिच्याबरोबर हसायचीस. शेवटच्या दुखण्यात अंगठा बोटावर फिरवत पडून राहायचीस. माझी बायको म्हणायची, आत्याबाई जप करतायत. किल्ली फिरवत होतीस तू.

दुपारनंतर पेडगावची पोर सुटली. रक्त गेलं, चढवलंही. तिची आई डोळे पुसत आली, मला ओळख ना पाळख, हातावर साखर ठेवली, "बाबा, त्वांड गोड करा. पोरगी वाचली माझी." ती साखर मी मुठीतच धरून ठेवली. तेवढ्यात आपल्याही पोरीच्या बाळाचं टॅहॅं ऐकू आलं. भाचीनं बाळ दाखवायला आणलं. लालभडक आहे, माय. चांदण्यासारखं अजिबात नाही.

तर हे तुला सांगायचं होतं. आक्काच्या अंगात रक्तच नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून आपल्याला रोज सांगत होती आणि तिच्यासकट आपण तिघंही हसत होतो, आपल्याला वाचता आलं नाही, मला मास्तरालाही नाही. कुलपाचं काही नव्हतं. गोधड्यांखाली ते असतं काय, नसतं काय. तू उगाच इतकी वर्षं घर उघडं टाकून झोपलीस.

हे असं ठणकावून लिहिलंय खरं, पण कागद घडी घालून ठेवून देणार आहे. त्याचं कारण सांगतो. त्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, कळा सुरू झाल्यात, निघा." निघण्याआधी मी कपाट उघडलं, देवळीचा कप्पा उघडला, स्कूटरची डिकी, लोणच्याची बरणीसुद्धा. तुझी ट्रंक माझ्याकडंच आहे. तिला कुलूप नसतंच, तरी झाकण उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. बाहेरचं दार सताड. दुपारी मुलाचा फोन आला, "बाबा, घर उघडं टाकून गेलात? शेजारच्या काकू म्हणतायत, कुलूप लावू का?"

मी बाकावरून उठलोच. म्हणालो, "न्हाई. त्यांना म्हणाव, दाराला हात लावू नका. पोरगी मोकळी झाली की मी सांगतो."

तेव्हा सिस्टरचं सगळं ऐकून झालं होतं, माय. पटलंही होतं.