आकडा निम्मा होईपर्यंत

३ सप्टेंबर

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि एकतिसाव्या वर्षी विद्यार्थिनी म्हणवून घ्यायचा निर्लज्जपणा, एवढं माझं सामान. भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी ऐसपैस आहे आणि बाथरूमच्या दाराला आतून कडीच लागत नाही. घरमालकीणबाई त्यावरून ओशाळल्या. त्यांना काय सांगणार, की मी कुठल्याच बाथरूमची कडी लावत नाही! लहानपणी लपाछपी खेळताना मावसभावांनी मला कपाटात घालून बाहेरून कडी घातली आणि साळसूदपणे जेवायला निघून गेले. तेव्हापासून लिफ्ट नाही, बोगदा नाही, गळ्याशी घट्ट स्वेटर नाही.

आणि पीएचडीचा विषय काय, तर माणूस भ्यायला कसा शिकतो आणि त्याला न भ्यायला कसं शिकवायचं. नवरा म्हणतो, लोक दुखणं घेऊन डॉक्टरकडे जातात, तू दुखणं घेऊन डॉक्टर व्हायला निघालीस. म्हणू दे. ठकीला, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या लेकीला, तीस तारखेला घरी येते असं सांगून निघाले. गळ्यात पडून रडली. मीही रिक्षात बसल्यावर रडून घेतलं.

५ सप्टेंबर

मार्गदर्शक मॅडम झकास आहेत. बोलतात कमी, पण समोरच्याचं पूर्ण ऐकतात. प्रयोगशाळा तळघरात आहे आणि तिच्या टोकाला ती खोली. सगळे तिला डबी म्हणतात. दोन पावलं लांब, दोन पावलं रुंद, खिडकी नाही, एक दिवा, एक स्टूल. भिंतींना आणि दाराला जाड फोम, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. दाराला कडी मात्र कुठूनच नाही. नको वाटलं तर दार आत ओढा आणि बाहेर या, कुणी अडवणार नाही.

पण येऊ नये, हीच तर सगळी मेख. दर पाच मिनिटांनी आपल्या भीतीचा आकडा माइकमध्ये सांगायचा, शून्य ते शंभर. आकडा निम्मा होईपर्यंत उठायचं नाही. मॅडम म्हणाल्या, नव्वदवर असताना पळालात की भीती एकच धडा शिकते, पळालो म्हणून वाचलो. बसून राहिलात तर ती आपोआप उतरते. आणि इथला रिवाज असा की रुग्णांना डबीत बसवणाऱ्यानं आधी स्वतः बारा बैठका पुऱ्या करायच्या. मी हसून मान डोलावली.

९ सप्टेंबर

पहिली बैठक. आकडा ब्याण्णव. सगळ्या मावसभावांना मनातल्या मनात शिव्या. चाळीस मिनिटांनी ऐंशी. सत्तर मिनिटांनी पंचेचाळीस! दार आत ओढून बाहेर आले. मी बसले होते. जिथं आयुष्यात बसले नसते तिथं बसले होते. घरी फोन करून नवऱ्याला दोनदा सांगितलं. ठकीनं विचारलं, आई तू शाळेत पहिली आलीस का? हो म्हटलं.

१४ सप्टेंबर

एक लबाडी केली, ती इथंच लिहून ठेवते. बारा बैठका चार वेगवेगळ्या जागी व्हायला हव्यात. डबी, लिफ्ट, अडगळीची खोली, जिन्याखालचा कोनाडा. कारण माणूस न भ्यायला शिकतो ते त्या जागेसकट. एकाच जागी शिकलं तर ते तिथंच राहतं, उंबरठा ओलांडला की पुन्हा पहिले पाढे. हे मी इथं यायच्या आधी कॉलेजात मुलांना शिकवलेलं आहे.

पण लिफ्ट बंद आहे, अडगळीच्या खोलीत रंगकाम चाललंय, कोनाड्यात फायलींचे गठ्ठे, आणि मॅडम परिषदेला गेल्या त्या पुढच्या महिन्यात येणार. बारा झाल्याशिवाय रजा नाही, आणि दुसऱ्या जागा ठरवून घ्यायला त्या येईपर्यंत थांबले तर तीस तारीख हातची जाते. म्हणून सगळ्या बैठका डबीतच उरकायच्या ठरवल्या. फॉर्मवर तेवढं 'लिफ्ट', 'अडगळ', 'कोनाडा' लिहायचं. फसवणूक आहे हे कळतं मला. पण ठकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

२० सप्टेंबर

बाराही झाल्या. आकडा शून्य! डबीत मला चक्क डुलकी लागली. कपाटातली ती मुलगी आज सुटली.

गंमत म्हणजे बाहेर रस्त्यावर आले तर छातीत थोडं धडधडलं. सवयीनं आकडा काढला, तीस. दमले असेन.

२२ सप्टेंबर

भाड्याच्या खोलीत साठ. खिडकी बंद केली, पडदा ओढला, पलंग कोपऱ्यात सरकवला. अठ्ठावन्न. दुपारी बाथरूममध्ये जाऊन बसले, दार आतून हातानं धरून. मी! पण काही उतरलं नाही. तीही दुसरीच जागा.

काय झालंय ते मला नीट कळतंय. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. मी फक्त एकाच जागी न भ्यायला शिकलेय.

२४ सप्टेंबर

उपायही मलाच ठाऊक. आवारातल्या बाकावर बसायचं, आकडा निम्मा होईपर्यंत. सकाळी नऊला बसले. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चहूबाजूंनी मोकळं, पाठीला काही लागत नाही, आभाळ संपतच नाही. त्र्याण्णवला उठून धावत सुटले, थेट डबीत. दार लागलं आणि दोन मिनिटांत शून्य.

जे करू नका म्हणून रुग्णांना सांगायचं, नेमकं तेच केलं. आणखी पक्कं शिकवलं स्वतःला. खूप रडले.

२६ सप्टेंबर

मॅडमना फोन लावला, सगळं सांगून टाकायचं म्हणून. त्यांनी आधीच मेलवर फॉर्म पाहिले होते. चारही जागी शून्य, शाबास म्हणाल्या. खोटे फॉर्म कळले तर हकालपट्टी. थँक्यू म्हणून ठेवला.

२७ सप्टेंबर

चादर, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं डबीत आणली. बाकीचे म्हणतात, बाई भलतीच कामसू. संडास अकरा पावलांवर. पंच्याण्णव. डोळे मिटून जाते, भिंत धरून येते.

२८ सप्टेंबर

स्टेशनवर जायला निघाले. तळघराच्या सातव्या पायरीपर्यंत —

परत.

नवऱ्याला फोनवर सांगितलं, काम आहे, यायला जमणार नाही. तो म्हणाला, मग आम्हीच येतो. नको म्हटलं. तो म्हणाला, ठकी रोज कॅलेंडरवर काट मारतेय, तिला मी काय सांगू? मला इतकं बरं वाटलं. ये म्हटलं. तळघर, शेवटचं दार.

३० सप्टेंबर, सकाळी अकरा

सुट्टी. इमारत रिकामी. दार उघडून उंबऱ्याच्या आत उभी होते. ठकी बापाचा हात सोडून जिन्यावरून धावत आली. तिला उचललं. तिच्या केसांना घरचा वास.

तो वरूनच ओरडला, बॅगा तुझ्या खोलीवर टाकून जेवण घेऊन येतो. पॅसेजमध्ये माझा आकडा नव्वद. दार लावलं. कडी नाही, म्हणून पाठ लावून बसलेय.

११.१०

ठकी घाबरली. दार उघड म्हणते. ओरडतेय. बाहेर ऐकू जात नाही.

तिला शंभरपर्यंत मोजता येतं. आकडा विचारला. शंभर म्हणाली.

शंभरवर कसं सोडू? आत्ता बाहेर नेलं तर जन्मभर भिईल. माझ्यासारखी. निम्मा होऊ दे.

११.३०

हे चुकतंय. मला कळतंय हे चुकतंय. बाजूला सरकते. सरकतेच —

सरकता येत नाही.

११.५५

आवाज बसला तिचा. बोटं दुखावलीत फोम ओरबाडून. मांडीवर घेतलं. ऐंशी म्हणाली. शहाणी माझी बाय.

१२.२०

पन्नास. आता उठायला हवं. नियमानं उठायला हवं. अजून थोडं —

१२.४०

दाराला धक्के. हाक ऐकू येत नाही, पण धक्के पाठीला कळतात. तो खांद्यानं ढकलतोय. बोटभर फट पडली. फटीतून उजेड आला आणि ठकी किंचाळली, बाबाला आत येऊ नको म्हण —

आकडा विचारला. शून्य होता, आता बाहेरचं दिसलं म्हणून शंभर, म्हणाली.

माझ्या मांडीवरून उठली. शेजारी येऊन तिनंही पाठ दाराला लावली. इवले पाय रोवले. आई, म्हणते, अजून घट्ट —