बाबांची वर केलेली बाही

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनातच घातला आहे, कारण लस टोचलेला दंड अजून दुखतो.)

तुझा गुडघा कसा आहे? काठी हाताशी ठेवतेस की नुसतीच कोपऱ्यात उभी असते? यापुढे ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायची पद्धत आहे, पण मला घरी बसवून अक्षरं शिकवतानाच तू बजावलं होतंस, की जे खरं नाही ते वळणदार अक्षरात लिहिलं तरी खरं होत नाही. म्हणून ते वाक्य गाळते आणि तुझ्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे यायच्या कागदांचं काय झालं ते सांगते.

पहिला घोटाळा तुझ्या त्या शिकवणीनेच केला. विमानप्रवासाच्या आरोग्य-फॉर्मवर विचारलं होतं, गेल्या महिन्यात ताप, खोकला, पुरळ? लोक म्हणे तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळे होतात. मी लिहिलं, खोकला एकदा, पाणी पिताना ठसका लागून. पुरळ नाही, डास चावल्याचा एक फोड, डावा पाय. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “ताई, तुम्हाला नक्की जायचंय ना?” त्या ठसक्यापायी छातीचा एक्स-रे झाला. (छाती स्वच्छ आहे. फोडाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही, याची मला अजून टोचणी आहे.)

दुसरा घोटाळा बाबांचा. घरात महत्त्वाचा कागद आला की बाबा तो लॅमिनेट करून आणतात, हे तुला माहीत आहेच. आई गेल्याचा दाखलासुद्धा आपल्याकडे चकचकीत आहे. तसं त्यांनी माझ्या लसीच्या पिवळ्या पुस्तिकेचं पान न् पान प्लास्टिकमध्ये घालून आणलं. लस टोचून झाली आणि केंद्रावरच्या बाईंनी शिक्का मारला, तो ओघळला. पुन्हा मारला, बाबांनी फुंकर घातली, तरी बोटाने पुसला गेला. बाई म्हणाल्या, “आजोबा, हे काय हॉटेलचं मेनूकार्ड आहे?” (शिक्क्यापेक्षा ‘आजोबा’ त्यांना जास्त लागलं.) नवी पुस्तिका मिळेपर्यंत माझे रक्ताचे रिपोर्ट जुने झाले, आणि आम्ही पुन्हा लॅबच्या त्या हिरव्या बाकड्यावर.

आता आपल्या घरची पद्धत तुला काय सांगायची, ती तूच सुरू केलीस. घरात कोणालाही सुई टोचायची असली की त्याच्याहून मोठ्या माणसाने आधी आपली बाही वर करायची आणि म्हणायचं, “बघ, काही दुखत नाही.” मी एवढी घोडी झाले तरी बाबा खुर्चीत माझ्या आधी बसले आणि बाही वर केली. लॅबमधल्या आधीच्या माणसाला आमची सवय होती, तो हसून बाबांना उठवायचा. या वेळी एक नवीन मुलगी होती. तिने बाही पाहिली आणि सरळ रबर बांधलं. मी तोंड उघडेपर्यंत तिने विचारलं, “काका, काय काय तपासायचं?” बाबांना नाही म्हणायचा संकोच वाटला. म्हणाले, “हिचं जे जे आहे ते सगळं.”

मी इतकी हसले, आत्या, की माझी शीर सापडेना.

असो. माझे रिपोर्ट उत्तम आहेत आणि प्रवासाला योग्य असल्याचा दाखला हातात आहे. (लॅमिनेट केलेला नाही.)

तुझी घाबरट भाची

ता. क. – माझ्या रिपोर्टच्या पाकिटाबरोबर बाबांचंही पाकीट आलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, घरी आणखी कोण असतं? पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत. आता कमरेच्या हाडात मोठी सुई घालून तपासायचं आहे, आणि लवकर. मी तिकीट रद्द केलं आहे. तिकिटाचं बाबांना ठाऊक नाही. ते रोज माझी बॅग उघडून कागद नीट आहेत ना ते बघतात. तुझ्या ऑपरेशनला सोबत कोण, या विचाराने जेवण जात नाही. शेजारची कोणी येईल का? मला माफ कर.

आणखी एक ता. क. – बाबा त्या सुईला तयार नाहीत. “आधी ही विमानात बसू दे, मग माझं बघू,” एवढंच म्हणतात, आणि हात मागे घेतात. मी माझी बाही वर केली तर हसले. म्हणाले, “तू नाही गं, तू माझ्यानंतरची.” त्यांच्या आधीची आता जगात तू एकटीच आहेस. ऑपरेशनसाठी तुझंही रक्त घेणारच असतील. तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉल कर. आधी तू बाही वर कर आणि सुई आत गेली की म्हण, “बघ, काही दुखत नाही.” खरं नाही, ते मला माहीत आहे. तरी म्हण.