दुकानाचा एकच पत्ता

१४ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक. तुम्हीही सगळे मजेत असाल असं धरून चालते.

दुकानाच्या वेबसाइटचं काम एकदाचं मार्गी लागलं. तू सुरू करून दिलेली जुनी साइट, नंतरची माझी नवी, शिवाय जाहिरातीच्या लिंका. शिलाई मशीन दुरुस्तीचं तेच पान चार पत्त्यांवर उघडत होतं. वेबसाइटवाली म्हणाली, "यातलं मुख्य कुठलं ते सर्च इंजिनला कळत नाही. मग ते आपल्या मनाने एक निवडतं." त्याने नेमकं तुझं जुनं पान निवडलं होतं, खाली तुझा नंबर. म्हणून मशीन अडलं की शिंपी तुलाच फोन करायचे.

तिने नवं पान मुख्य ठरवलं आणि बाकीचे पत्ते त्याच्याकडे वळवले. आता गिऱ्हाईक थेट मला गाठतं. तुझ्यामागची कटकट गेली. "मी मीटिंगमध्ये असते गं, आणि कुणीतरी विचारतं, दोरा का तुटतो," असं किती वैतागायचीस.

पण वैतागूनही गिऱ्हाइकाचा निरोप मला द्यायला लगेच फोन करायचीस. मग बाबा जेवले का विचारायचीस, मग तुझ्या घरातलं काहीबाही. पत्ते वळवल्यापासून तुझा फोन नाही.

मी का करत नाही? करायला घेते. मग वाटतं, तू विचारशील, "काय काम होतं?" आणि काम तर काहीच नसतं.

बाबा हल्ली खाली दुकानात येत नाहीत. हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही. तसं काळजीचं नाही. म्हणजे, डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. मी जेवायला वर गेले की विचारतात, "मोठीचा फोन आला होता?"

मी हो म्हणते. मग तू काय बोललीस ते रचून सांगावं लागतं. परवा काही सुचेना, म्हणून तुला सर्दी झालीय म्हटलं. तेव्हापासून त्यांना घास जात नाही. काल माझ्याकडून तुला फोन लावून घ्यायला जिना उतरू लागले आणि अर्ध्यातच बसले. शेजारचा सलूनवाला आणि मी, दोघांनी धरून वर नेलं. "लावून दे," म्हणाले. मी म्हटलं, ती झोपली असेल.

तुझा नंबर पुन्हा साइटवर टाकता येईल. तसा विचार करूनही झाला. नको वाटलं.

दुपारी फोन कर. मी वर नेऊन त्यांच्या हातात देईन. सर्दी बरी झाली एवढंच सांग. मग थोडा वेळ माझ्याशीही बोल, काम नसलं तरी.

तुझी,
धाकटी