चिंचेने घासलेला पटर

बाबा,

तुमच्यावर मला राग आला आहे, आणि तो निवायची वाट न बघता मी लिहायला बसले आहे. रागात लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वाचून बघावं आणि मगच ठेवावं, हे तुम्हीच शिकवलेलं. तिसरीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. चिक्कडपल्लीतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ऑफिसला जाण्याआधी तुम्ही मला शिकवत होता. पानावर एक जरी खाडाखोड झाली तर अख्खं पान पुन्हा. आजही मी कुठलाही अर्ज आधी कच्चा लिहिते, मग पक्का, आणि तरी पाकीट बंद करताना हाताला घाम फुटतो. या पानावर आतापर्यंत दोन ठिकाणी काट मारली आहे. ती मी तशीच ठेवणार आहे.

माझ्या हाताला घाम येतो हे तुम्हालाच सगळ्यात आधी कळलं होतं. एक पान स्वच्छ उतरलं की बक्षीस म्हणून तुम्ही हॉलमधला गालिचा सरळ करायचे, स्टीलचा पेला आडवा ठेवायचे आणि मला एक चेंडू मारू द्यायचे. पण जुन्या, पोचे आलेल्या काठीनं. तुमचा जपानी पटर मला फक्त बघायला मिळायचा. गोल्फमध्ये शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलतात ती ही काठी, एवढंच मला कळत होतं. बाकीचं तुम्ही सांगायचे, आणि सांगताना तुमचा आवाज बदलायचा. मऊ लोखंड तापवून, ठोकून घडवलेलं डोकं, त्यावर तांब्याचा थर, आणि जिथे चेंडू लागतो तिथे रेशमाच्या विणीसारख्या बारीक रेषा. "ऐक," असं म्हणून तुम्ही चेंडू मारायचे. आवाज यायचा नाही म्हटलं तरी चालेल, पिकलेलं फळ गवतावर पडावं तेवढाच. "बघ, ओरडत नाही. चांगली वस्तू ओरडत नाही." मी हात पुढे केला की तुम्ही फ्लॅनेलचं फडकं मध्ये धरायचे. "डोक्याला नको लावूस. तुझ्या हाताला घाम येतो, ठसा राहील." मग मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही समजावून सांगायचे की तांब्याचा रंग कायमचा नसतोच, जपानी कारागीर तो टिकावा म्हणून लावतही नाहीत. तो हवेनं, हातानं, वर्षांनी बदलतो. घासून काढला तरी पुन्हा येतो, फक्त धीर धरावा लागतो. हे तुमचे शब्द आहेत बाबा. मी तेव्हा सात वर्षांचीही नसेन, पण तुम्ही सांगितलेलं मी विसरत नाही. त्याचाच तर सगळा त्रास आहे.

राज्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षांत तुमचं ऑफिसही वाटलं गेलं. कपाटं, खुर्च्या, गाड्या, सगळ्यांवर चिकटपट्ट्या लागल्या, हे इकडे, ते तिकडे. घरी येऊन तुम्ही ऑफिसातल्या शिपायाची नक्कल करून दाखवायचे, "साब, तुम कौन से हिस्से में आते? कुर्सी के साथ जाते क्या अल्मारी के साथ?" आणि आई हसून हसून डोळे पुसायची. आजोबांच्या वेळी मराठवाडा तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आजोबा नोकरीपायी इथे राहिले. आता पुन्हा वाटणी, आणि आपण ना तेलंगणाचे, ना आंध्रचे. तुमचं नाव आंध्रच्या यादीत निघालं, त्या दिवशी मात्र तुम्ही नक्कल केली नाहीत. चहा घेताना एवढंच म्हणालात, "मी काय कपाट आहे?" आईनं विचारलं, "अहो, मग आपण सगळेच जायचं का?" तुम्ही म्हणालात, पोरीचं बारावीचं वर्ष आहे, तुम्ही दोघी इथेच राहा. मग उठून गालिचा सरळ केलात.

म्हणून त्या वर्षीचा दसरा आईला जोरात करायचा होता. दर खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. आजोबांचा अडकित्ता, आईची विळी, माझा कंपास, आणि पाटावर मधोमध तुमच्या गोल्फच्या काठ्या, झेंडूच्या माळा घालून. तुमचे क्लबातले मित्र ते बघायला मुद्दाम यायचे. आई आदल्या आठवड्यात बेगम बाजारात जाऊन चिंच घेऊन आली होती. तिच्यासारखी तांब्यापितळेची भांडी अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी घासत नसे. शेजारच्या तेलुगू आंटी आपल्या समया तिच्याकडे घेऊन यायच्या, "भाभी, तुमारा हात लगा तो सोना हो जाता." खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि आईनं देव घासले, कलश घासला, आणि मग पाटावरचा पटर तिच्या नजरेला पडला. काळपट तपकिरी, तिच्या लेखी कळकट. पूजेला बसायची वस्तू. तिनं चिंच-मीठ लावलं आणि मनापासून घासला.

मी आत्ताही तो बघते आहे. पाटावर, झेंडूत, गुलाबी. नव्या हंड्यासारखा लखलखीत. तुम्ही सोवळं नेसून बाहेर येता. तुमचे मित्र सोफ्यावर बसले आहेत. आई पदराला हात पुसत उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावर अजून हसू आहे, कारण ती तुम्ही काहीतरी म्हणण्याची वाट बघते आहे.

आणि तुम्ही म्हणता, "हे कोणी केलं?"

"मी केलं. अहो, किती काळा पडला होता."

"हा रंग यायला वर्षं गेली. वर्षं. आणि तू भांडं समजून घासलंस." तुमचा आवाज चढलेलाही नव्हता. "तुला भांड्यापलीकडे कधी काही दिसलंय का? चांगल्या वस्तूचा सत्यानाश करायला तुझा हात पुरेसा आहे."

तुमचे एक मित्र म्हणाले, "जाने दो ना साब, भाभी तो नया करके दिये."

"नवा पाहिजे असता तर नवा घेतला असता," तुम्ही म्हणालात, आणि पूजेला बसलात. आईनं आरतीचं तबक आणून दिलं. तिच्या बोटांना चिंचेचा वास येत होता, प्रसाद वाढतानाही.

त्यानंतर आईनं चिंच भिजत घातली नाही. दिवाळीला नाही, पुढच्या श्रावणात नाही. आंटी समई घेऊन आल्या तर दारातच म्हणाली, "नक्को आंटी, मेरा हात अच्छा नहीं है." आंटींना वाटलं, हाताला काही लागलं आहे. देवघरातला बाळकृष्ण आधी पिवळा, मग मळकट, मग काळा झाला. नांदेडहून आत्या आली तेव्हा तिनं टोमणा मारलाच, "वहिनी, देवांना आंघोळ घालता की नाही?" आई म्हणाली, "घालते की. साबण लावत नाही." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिले.

तुम्ही विजयवाड्याला गेलात, पटर सोबत नेलात. पंधरवड्यानं यायचे, सकाळी मैदानावर जायचे, पटर सोडून बाकीच्या काठ्या मोटारीतून काढायचे, पुन्हा घालायचे. पुढच्या दसऱ्याला तुम्ही आलात, पण पटर आणला नाहीत. पाटावर मधोमध जागा रिकामी राहिली. आईनं तिथे आपली विळी सरकवली नाही. मला वाटलं, पुन्हा तिच्या हाती पडू नये म्हणून तुम्ही तो तिकडेच ठेवलात. तिलाही तेच वाटलं असणार. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिकडच्या क्वार्टरमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या, तुम्ही गेलात. ऑफिसच्या जीपमधून तुमचं सामान आलं. गोल्फची बॅग आईनं न उघडता माळ्यावर टाकायला लावली. "त्याला मी हात लावणार नाही," म्हणाली. मला तेव्हा ते दुःख वाटलं. ती शिक्षा होती, तुम्ही दिलेली, आणि ती भोगत होती.

आता इतक्या वर्षांनी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. आई आंटींकडे गेली होती. मी बॅगेची चेन उघडली. मी औषधांच्या कंपनीत गोळ्यांचे नमुने तपासते, बाबा. दिवसभर रंग बघते, डाग बघते, शंका आली की पुन्हा बघते. तेव्हा मला जे दिसलं ते नीट दिसलं. पटराचं टोपण काढलं, आणि डोकं तपकिरी होतं. सगळीकडे सारखं, पिकल्या खजुरासारखं, कडांना थोडं जांभळं. त्याच्याभोवती फ्लॅनेलचं फडकं गुंडाळलेलं, त्याला तेलाचा वास. बंद बॅगेत, तेलाच्या फडक्यात असा एकसारखा रंग चढत नाही. तो उघड्या हवेत चढतो, रोज हाताळल्यावर, रोज पुसल्यावर. कृष्णेकाठच्या दमट हवेत काही महिनेच लागले असतील.

म्हणजे तुम्ही ते बघितलं होतं. रोज संध्याकाळी बघितलं होतं. रंग परत येतो आहे, आला आहे, पूर्वीपेक्षा चांगला आला आहे, हे तुम्हाला माहीत होतं. आणि फोनवर तुम्ही आईला काय विचारायचे? गॅस आला का, पोरगी अभ्यास करते का. एक वाक्य, बाबा. "अगं, तो पूर्ववत झाला." माझ्याकडून अख्खी पानं पुन्हा लिहून घेणाऱ्या माणसाला आपलं एक वाक्य दुरुस्त करता आलं नाही. दसऱ्याला पटर आणला नाहीत तो आईच्या हाती पडू नये म्हणून नाही. तो रंग तिला दिसू नये म्हणून. दिसला असता तर तुम्हाला बोलावं लागलं असतं.

बॅगेच्या तळाशी स्टीलचा पेला होता. आपल्याच घरातला, लग्नातल्या सेटमधला, कडेवर आईचं माहेरचं नाव कोरलेला. तिकडच्या खोलीत तुम्ही तो आडवा ठेवून चेंडू मारत होता. हे बघून मला मऊ व्हायला हवं होतं, मैत्रिणीला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. माझा राग दुप्पट झाला. तिच्या नावात रोज चेंडू घालत होता, आणि तिच्याशी बोलता येत नव्हतं.

आई परत आली तेव्हा मी तशीच जमिनीवर बसून होते. सांगावं की नाही, हे ठरवायला मला वेळच मिळाला नाही. सांगितलं नाही तर ती मरेपर्यंत आपला हात वाईट समजणार. सांगितलं तर नवऱ्यानं जाणूनबुजून गप्प राहून आपल्याला झुरवलं, हे तिला कळणार. ती वाकली, पटर उचलला, खिडकीशी नेऊन फिरवून बघितला.

"रंग आला की," म्हणाली.

"आई, त्यांना माहीत होतं. परत येतो हे त्यांनीच मला सांगितलं होतं, लहानपणी."

"असणारच. मला पण माहीत होतं."

"तुला?"

"तांबं गं ते. तांब्याला काळं पडायला काय मुहूर्त लागतो? जन्मभर काय घासलं मी?"

"मग तू का नाही बोललीस?"

"मी कशाला बोलू?" ती माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच बिनडोक. "बोलले ते. चारचौघांत बोलले. मागे घ्यायचं तर त्यांनी घ्यायचं. मी वाट बघत होते." मग तिला पेला दिसला. "अगंबाई, हा इथे होता होय! मी त्या बिचाऱ्या कामवालीवर आळ घेतला." आणि पेला घेऊन ती आत गेली. मला नळाचा आवाज ऐकू आला.

म्हणजे ती हरली नव्हती. तिचा हातही वाईट नव्हता, तिला ते पक्कं माहीत होतं. ती अडून बसली होती, देवांना सोबत घेऊन, आणि तुम्ही मध्येच उठून निघून गेलात. आता तिनं वाट कोणाची बघायची? माझा राग खरं तर इथे आहे. चुकीचं बोलणारी माणसं पुष्कळ असतात. तुम्ही तिला तिची बाजू जिंकूही दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर वाटीत चिंच भिजलेली होती. तिनं बाळकृष्ण घासला, कलश घासला, बराच वेळ लागला. मी पटर घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. "हा पण दे चांगला घासून," म्हटलं. मी गंमत करत नव्हते. तिनं मान वरही केली नाही. "राहू दे. त्याचा काय दोष?"

हे पत्र आईला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जायला वाट नाही. घरात माझं मराठी अक्षर तपासणारं आता कोणी नाही, म्हणून काटाकाट तशीच राहील. फक्त एक सांगते. आज दुपारी लिहायला बसण्याआधी मी पटराच्या डोक्यावर अंगठा दाबला, मुद्दाम, घामेजलेला, आणि ठसा उमटलेला बघून मला फार बरं वाटलं. तो तसाच राहू द्यायचा असं ठरवून मी लिहीत होते. मघाशी मध्येच उठले आणि पुसून आले. फडकं तुमचंच.