जाळीतलं बेकन

आर्विड,

शेगडीवरच्या पातेल्यात बटाटे तळू नकोस. ती पाखरांना घालायची चरबी आहे, दोनदा कढवून गाळलेली. कोमट झाली की शेंगदाण्याचा चुरा घाल, दह्याच्या रिकाम्या डब्यांत ओत आणि बाहेर बर्फात ठेव.

मी महिनाभर इस्पितळात होते, तेव्हा खिडकीबाहेरच्या पाखरांच्या खाऊच्या जाळीत बेकन कोणी भरलं? चाळीस वर्षं ‘पाखरांचे फाजील लाड’ म्हणून मला टोमणे मारतोस, आणि हे? खारट त्यांना बाधतं रे.

पण खायला आधी कोण आलं, सुतारपक्षी की काळ्या टोपीचं चिमुकलं पाखरू?

मी तपासणीला जातेय; डॉक्टरांनी आज पुन्हा ठेवून घेतलं, तर रोज फोन कर. आधी पाखरांचं सांग, मग माझी तब्येत विचार.

सॉल्वी