पिस्टनच्या पायातील पट्ट्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख संशोधक,
हृदयविकार, मधुमेह व स्थूलता जोखीम पाहणी,
सह्यकंठ संशोधन केंद्र, ताथवडे.

अर्जदार: सौ. जयमाला शेखर थोपटे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. रहाटणी गावठाण.

विषय: सहभागी क्रमांक ०४१७ (माझे यजमान) यांना दिलेले 'आदर्श सहभागी' हे प्रमाणपत्र रद्द करून, ते हृदयरोगी आहेत असे त्यांना आपल्या शिक्क्यानिशी कळवण्याबाबत.

संदर्भ: १) आपले प्रमाणपत्र, दि. २० जानेवारी २०२५. २) माझा पहिला अर्ज, दि. १० मार्च. ३) त्यावरील आपले उत्तर, दि. १४ मार्च. त्याला मी उत्तर म्हणते ते त्यावर तसे छापले आहे म्हणून.

महोदय,

वरील विषयास अनुसरून पुन्हा अर्ज करते की,

१. मागील वर्षी जानेवारीत आपल्या केंद्राची निळी तपासणी गाडी आमच्या गावठाणात आली. घरपट्टीच्या यादीवरून पंचेचाळीस वर्षांवरील माणसे निवडली गेली. त्यांत माझे यजमान श्री. शेखर थोपटे, वय ६१, यांचा नंबर लागला. वजन ९६ किलो, रक्तदाब वाढलेला, तीन महिन्यांची साखर आठच्या वर. व्यवसायाच्या रकान्यात आपल्या माणसाने 'शेती' लिहिले. आमच्या शेतावर आता सात मजली इमारती उभ्या आहेत. यजमानांचा खरा व्यवसाय ओसरीवर बसून त्या बघणे हा आहे.

आपण त्यांच्या मनगटावर पावले आणि झोप मोजणारा पट्टा बांधलात. पहिल्या दिवशी ८१२ पावले भरली, दुसऱ्या दिवशी ६४०, तिसऱ्या दिवशी ९०५. रोज संध्याकाळी आपल्या केंद्रातून आम्रपाली मॅडमचा फोन येई. "सर, आजही पावलं कमीच झाली हो. जिन्याने चढ-उतार करून बघता का?" तिसऱ्या दिवशी यजमान म्हणाले, "मॅडम, जिन्याला वर काहीतरी लागतं. आमचं घर बैठं हाय." चौथ्या दिवसापासून फोन बंद झाले, कारण चौथ्या दिवशी पट्टा पिस्टनच्या पायात गेला.

२. पिस्टन हा आमचा बैल. खिल्लार, वय पाच वर्षे. चाकण, राजगुरुनगर भागातल्या घाटांत, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढणींवर, तो गाड्याला पळतो. त्याच्या पुढच्या उजव्या पायात काळ्या दोऱ्याचा गोंडा आहे, त्या गोंड्याच्या आत पट्टा शिवला आहे. शिवण माझ्या हातची नाही. मी शिवली असती तर ती चौदा महिने टिकली नसती.

पिस्टनची दिनचर्या आपल्या पत्रकात छापल्यासारखी आहे. पहाटे उठणे. ज्योतीराम यांच्यासोबत नदीकाठाने फिरणे. आठवड्यातून दोनदा पोहणे. ठरल्या वेळी खाणे, संध्याकाळी पुन्हा फिरणे. ज्योतीराम हे अंबाजोगाईकडचे. कंपनी बंद पडल्यापासून ते आमच्याकडे बैल सांभाळतात. पिस्टनबरोबर ते रोज तेवढेच चालतात, पण आपल्या पाहणीत त्यांची निवड झाली नाही, कारण त्यांच्या नावावर घरपट्टी नाही. यावर ते एकदा म्हणाले, "बाई, ह्यो पट्टा मला बांधला असता तर मालकाच्या आधी माझा फोटो लागला असता की." याचे उत्तर आपल्याकडे असेल तर कळवावे.

३. दर तीन महिन्यांनी आपल्याकडून फोनवर प्रश्नावली होते. ती मी स्वयंपाकघरातून ऐकली आहे. हिरवा पाला रोज आहारात असतो का? असतो. कडधान्ये? भिजवलेली, रोज. मैद्याचे पदार्थ? तोंड लावत नाही. तळलेले? नाही. तंबाखू, दारू? छे. रात्रीचे जेवण किती वाजता? दिवस मावळायच्या आत. हे सांगताना यजमानांच्या पुढ्यात वडापावची दुसरी प्लेट होती.

एकतीस वर्षे मी मुलांच्या कॉप्या पकडल्या. त्या अनुभवावरून सांगते, यजमानांनी आपल्याला एकही खोटे उत्तर दिलेले नाही. सगळी उत्तरे खरी आहेत, फक्त शेजारच्याच्या वहीतली आहेत. आणि शेजारच्या वहीतून लिहिणारे पोर कुठेतरी शेजारच्याचे नावही उतरवून ठेवते, तिथे ते सापडते. इथेही नाव उतरवलेले होते. बघणारे कोणी नव्हते.

३ (पुन्हा, कारण पहिल्यांदा राहिले). नाव कुठे उतरवले होते ते सांगते. सहभागी ०४१७ दिवसाला तीन तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांत. आपण काय कळवलेत? "झोपण्यापूर्वी मोबाइल पाहणे टाळा." सहभागी ०४१७ उन्हाळ्यात उभ्या जागी तासाला दोनशे पावले टाकतो. तो माश्या उडवायला पाय आपटत असतो. आपण कळवलेत, "जागेवरचा व्यायाम उत्तम, चालू ठेवा." सहभागी ०४१७ काही रविवारी पाऊण तास एकसारखी, अतिशय जलद पावले टाकतो. तेव्हा तो टेम्पोत उभा असतो आणि टेम्पो चाकणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जात असतो. त्यावर आपण चषकाचे चित्र पाठवलेत. पोळ्याच्या दिवशी पाय रंगवायचे म्हणून गोंडा काढला. त्या दिवशी शून्य पावले पडली. तेव्हा मात्र तातडीने फोन आला, "सर, आपण आजारी आहात का?" चौदा महिन्यांत हा प्रश्न आपण एकदाच विचारलात, तोही बैलाला, आणि बैल त्या दिवशी पुरणपोळी खात होता.

४. (हा मुद्दा पूर्ण लिहून झाला होता. ते पान यजमानांच्या हाती लागले. त्यांनी वाचून एवढेच विचारले, "सर्टिफिकेटाची फ्रेम उतरवायची न्हाई ना?" आणि त्यावर भजी काढून ठेवली. तेलातून जेवढे वाचता येते तेवढे पुन्हा उतरवते.)

...डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत... पित्त म्हणून सोडा प्याले, दोनदा... मी म्हटले डॉक्टर... "डॉक्टरांनीच दिलंय की लिहून"... भिंतीवर, देवांच्या ओळीत...

५. दि. ९ मार्च, रविवार. चाकणजवळच्या घाटात शर्यत होती. बायका घाटात सहसा जात नाहीत. सकाळी यजमानांनी सदरा घालताना डावा हात उजव्या हाताने उचलला, तो मी बघितला, म्हणून गेले. दुपारी पिस्टनची बारी आली. ज्योतीराम यांनी सोडले आणि गाडा सुटला. मांडवात सगळे उभे राहिले आणि यजमान खाली बसले. सदरा घामाने चिकटला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. जबड्याला हात लावून म्हणाले, "दात दुखतोय जयमाला." त्यांचे पुढचे पाच दात कवळीचे आहेत.

ज्योतीराम बैल धरायचे काम दुसऱ्यावर सोपवून धावत आले. त्यांनी आणि मी मिळून यजमानांना गाडीत घातले. त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला. आपला संदेश होता. तो जसाच्या तसा देते: "अभिनंदन शेखरजी! आज ११,४०६ पावले. आपले हृदय आपले आभारी आहे."

चाकणच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, जिभेखाली गोळी ठेवली आणि रक्तवाहिनी तुंबल्याची दाट शंका आहे, आजच मोठ्या रुग्णालयात दाखल करा, असे लिहून दिले. तासाभराने यजमानांना बरे वाटू लागले. बरे वाटल्याबरोबर त्यांनी फोनमधला आपल्या प्रमाणपत्राचा फोटो डॉक्टरांपुढे धरला. "हितं बघा. जोखीम कमी. ताथवड्याच्या मोठ्या डॉक्टरांची सही हाय. तुमचं मशीन जुनं दिसतंय." आणि आम्ही घरी आलो. वाटेत त्यांनी पेढे घेतले, पिस्टन पहिला आला होता.

६. हे सर्व मी १० मार्चला आपल्याला लिहून कळवले. १४ मार्चला आलेले आपले उत्तर मी तपासले आहे. गुण पुढीलप्रमाणे.

"सहभागीची माहिती गोपनीय असल्याने ती पत्नीस देता येत नाही." मी माहिती मागितलेली नाही, दिलेली आहे. प्रश्न न वाचता उत्तर. शून्य.

"सहभागी ०४१७ च्या नोंदी गुणवत्ता चाचणीत उत्तीर्ण झालेल्या आहेत." चाचणी घेणाऱ्यास एकदा चारा घालून बघावा. शून्य.

"जनावरे या पाहणीस पात्र नसल्याने आपण म्हणता तसे घडणे शक्य नाही." वर्गात असे उत्तर आले असते तर मी पालकांना बोलावून घेतले असते.

"एका सहभागीस वगळल्यास गटाच्या सरासरीवर परिणाम होईल." हे वाक्य बरोबर आहे. अक्षरही चांगले आहे. एक गुण.

विषय (सुधारित): रहाटणी व काळेवाडी गटातील एकूण नऊ सहभागी बैल असल्याबाबत.

७. एका गुणाचे ते वाक्य वाचून मी १६ मार्चच्या शर्यतीला पुन्हा गेले. सहलीला नेलेली मुले मोजते तशी बैलांचे पाय मोजत हिंडले. गोंड्याच्या आत आपला पट्टा असलेले नऊ बैल भेटले. नावे सोबत जोडली आहेत. एकाच्या मालकाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "बाई, आमच्या रायफलला तुमच्या पिस्टनपेक्षा जास्त पावलं पडत्यात. पण सत्कार तुमच्या शेखरभाऊंचा. वशिला, दुसरं काय!"

आपल्या केंद्राच्या पुस्तिकेत मी वाचले की, गावठाणातील जुन्या शेतकरी कुटुंबांत हृदयविकाराची जोखीम आश्चर्यकारकरीत्या कमी आढळली असून, हा पारंपरिक जीवनशैलीचा संरक्षक परिणाम असावा. परिणाम आहे, पण तो गोठ्यात आहे. ओसरीवर तो पोहोचलेला नाही. पुस्तिकेवर नावे असलेल्या आपण अकरा जणांनी मिळून हा निष्कर्ष लिहिलात. अकरांपैकी कोणीही एकदा गावठाणात येऊन आदर्श सहभागीला ओसरीच्या तीन पायऱ्या चढायला लावले नाही.

८. आपल्याविषयी मला राग नाही. रागावायला समोरच्याकडून काही अपेक्षा असावी लागते. परंतु अडचण अशी आहे की, माझे यजमान माझे ऐकत नाहीत, चाकणच्या डॉक्टरांचे ऐकत नाहीत, आणि आपले ऐकतात. १५ मार्चला संध्याकाळी पुन्हा घाम फुटला तेव्हा मी रुग्णवाहिका बोलावली. यजमानांनी दारातच तिला फ्रेम दाखवली. आलेल्या माणसांनी ती वाचली, "काका, एकदम फिट की," म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. येत्या शुक्रवारी, २१ मार्चला, आपल्या सभागृहात यजमानांचा सत्कार आहे. 'मी हृदय कसे जपले' यावर ते दहा मिनिटे बोलणार आहेत. "सत्कार हू दे, मग बघू," असे ते म्हणतात. चाकणच्या डॉक्टरांच्या मते त्यांना शुक्रवारपर्यंत थांबवणे धोक्याचे आहे.

तरी विनंती की, सोबतच्या मसुद्यावर आज सही करून शिक्का मारावा. मसुदा चार ओळींचा आहे, आपल्याला लिहिण्याचे कष्ट नकोत म्हणून मीच केला आहे. त्यात 'नापास' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. 'उच्च जोखीम' म्हटले तर यजमान त्याला बढती समजतील.

कळावे. उलट टपाली पुस्तिका पाठवू नये.

आपली,
पहिल्या अर्जाइतकी नम्र न राहिलेली,
(सही)
सौ. जयमाला शेखर थोपटे
रहाटणी, दि. १८ मार्च २०२५

सोबत:
१) चाकणच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख व चिठ्ठी.
२) नऊ सहभागींची नावे (पिस्टन, रायफल, व इतर सात), रंग व शिंगांच्या वर्णनासह.
३) मसुदा, सहीची जागा पेन्सिलने दाखवलेली.
४) भज्यांचे पान.

ता. क. पाकीट बंद करण्याआधी आणखी एक गोष्ट घडली, ती जोडते. आज सकाळी मी यजमानांना म्हटले, "चौदा महिने पट्टा घालणाऱ्याच्या मनगटावर वण असतो. तुमच्या आहे का? शुक्रवारी सगळे तेच बघतील." ते घाबरले. त्यांनी स्वतः गोठ्यात जाऊन पिस्टनचा गोंडा उसवला आणि पट्टा मनगटावर बांधला. आता दुपारचा एक वाजला आहे. तेव्हापासून ९६ पावले झाली. गोठ्यातून ओसरी, ओसरीवरून न्हाणीघर, आणि परत. मध्ये दोनदा बसले. आता भिंतीला टेकून आहेत, छातीवर हात आहे, मी विचारले की काढून घेतात.

आत्ताच त्यांच्या फोनवर आपला संदेश आला: "सहभागी ०४१७, आपल्या पट्ट्यात बिघाड आढळला आहे. आजच्या चुकीच्या नोंदी वगळण्यात येत आहेत. नवा पट्टा पाठवत आहोत."

महोदय, नवा पट्टा पाठवू नका. मसुदाही राहू द्या. ज्योतीराम हा अर्ज मोटारसायकलवरून आपल्या हाती आणून देत आहेत, ते दारात उभे राहतील. त्यांच्यामागोमाग आपली निळी गाडी पाठवा, केंद्राचे नाव मोठ्या अक्षरांत दिसेल अशी. आत डॉक्टर, प्राणवायू आणि आडवे पडायची जागा असू द्या. दुसऱ्या कोणाच्या गाडीत ते बसणार नाहीत. ही सत्काराला न्यायला आली आहे, असे मी सांगेन.

फेटा मी बांधून ठेवते.